पांढऱ्या कागदावरची तारीख

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. बडोद्यात, वाडीतल्या आमच्या गल्लीत कुणालाही कसलाही फॉर्म भरायचा असला, रेशनकार्डाचा, पेन्शनचा की पासपोर्टचा, तर तो माझ्याकडे यायचा. बारीक अक्षरातल्या सूचना आधी वाचून मगच मी पेन उघडते, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून माझ्या बाबतीत जे झालं ते अजाणतेपणी झालं असं लोक म्हणतात, तेव्हा मी गप्प बसते. गल्लीत अजून तसंच मानतात. "बेनना काय ठाऊक बिचाऱ्यांना! व्हिसा दहा वर्षांचा, त्यांना वाटलं राहिलं तर चालतं."

मला ठाऊक होतं. हे मी आजवर घरच्या तिघांनाच सांगितलं आहे. त्यातला एक आता नाही.

लेकीला सहावा महिना संपत आला होता, तेव्हा मी तिच्याकडे अमेरिकेत गेले. मुंबईला जाऊन व्हिसा काढला होता, तो खरंच दहा वर्षांचा मिळाला होता. पण तिथल्या विमानतळावर उतरल्यावर खिडकीमागच्या अधिकाऱ्याने विचारलं, किती दिवस राहणार, आणि पासपोर्टला एक छोटा पांढरा कागद टाचून दिला. त्यावर तारीख होती. सहा महिन्यांनंतरची. व्हिसा म्हणजे दार उघडण्याची परवानगी, आत किती दिवस थांबायचं ते हा कागद ठरवतो, एवढं मला तिथल्या तिथे कळलं. त्या संध्याकाळी ह्यांना पोचल्याचा फोन केला, तेव्हा गंमत म्हणून ती तारीखही वाचून दाखवली. "म्हणजे तोवर माझी डब्यावर गुजराण," हे म्हणाले. हे तेव्हा निवृत्त झाले होते, पण रोज सकाळी छाणीला एका मित्राच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचे.

मी पोचल्याला तीन आठवडे झाले नाहीत तोच लेकीला कळा आल्या. सातव्या महिन्यात मुलगी झाली. सव्वा किलोची. अंगाला सगळीकडे नळ्या, आणि कातडी अशी की आतल्या निळ्या शिरा दिसायच्या. अडीच महिने ती इस्पितळात काचेच्या पेटीत होती. घरी आली ती नाकात ऑक्सिजनची नळी घेऊनच. तिथल्या नर्सने मला शिकवलं, झोपली असेल तेव्हा छातीवर हलका हात ठेवायचा आणि एका मिनिटात किती श्वास होतात ते मोजायचं. साठाच्या वर गेले तर डॉक्टरांना कळवायचं. मोजणं हे माझंच काम होतं. ते मी कुणाला दिलं नाही.

त्याच सुमारास जावयाची नोकरी गेली. इस्पितळाचा सगळा विमा लेकीच्या नोकरीवर होता, म्हणून तिला सुट्टी आटोपती घ्यावी लागली. जावई दिवसभर मुलाखती देत हिंडायचा. घरात मी आणि ती एवढीशी पोर. जावई एकदा जेवताना म्हणाला, "आई, तुमचा व्हिसा दहा वर्षांचा आहे ना? मग तुम्ही निश्चिंत राहा."

मी "हो" म्हटलं आणि त्याला आमटी वाढली.

त्या "हो"वर मी पुष्कळ विचार केला आहे. मी खोटं बोलले नव्हते, व्हिसा दहा वर्षांचाच होता. पण पांढरा कागद माझ्या बॅगेत, साडीच्या घडीत होता आणि त्यावरची तारीख बावीस दिवसांवर आली होती. पुढे कळलं की मुदत संपण्याआधी अर्ज केला असता, तान्ह्या मुलीच्या आजाराचं कारण दिलं असतं, तर कदाचित आणखी सहा महिने सरळ मिळालेही असते. मला तेव्हा अर्धवट माहीत होतं. मी विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाले, तर जावं लागलं असतं.

ती तारीख एका मंगळवारी आली. मी सकाळी उठून आंघोळ केली, पोरीचं दूध केलं, तिचे श्वास मोजले. अठ्ठेचाळीस. दिवस संपला. काहीच झालं नाही.

मग मी बदलले. आधी बाबागाडी घेऊन कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत जायची, ते बंद केलं. देवळात जायचं बंद केलं. दारावरची घंटी वाजली की पोरीला उचलून न्हाणीघरात जाऊन उभी राहायची आणि पावलं परत जाईपर्यंत श्वास रोखून धरायची. बहुतेक वेळा कुणीतरी खोकं ठेवून गेलेलं असायचं. रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली की खिडकीपासून मागे सरायची. लेक म्हणायची, "आई, अगं थोडी बाहेर पड, पांढरीफटक दिसायला लागली आहेस." मी म्हणायची, थंडी सोसत नाही. पडदे ओढलेल्या त्या घरात मी पिशाच्चासारखी वावरत होते. असून नसल्यासारखी. आरशासमोरून जाताना कधी स्वतःचीच चाहूल लागून दचकायची.

पहिल्या वाढदिवसाच्या आसपास पोरीची नळी निघाली. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. त्याच महिन्यात जावयाला नोकरी लागली. तेव्हा निघाले असते तरी निभावलं असतं, अमेरिकेत परत येण्यावर बंदी तीनच वर्षांची आली असती. हे हिशेब मी नंतर शिकले. तेव्हा एवढंच कळत होतं की इथून एकदा पाय बाहेर पडला की परत आत येता येणार नाही. आणि पोर आता भिंत धरून उभी राहायला लागली होती. मला "आदी" म्हणायची. जिना चढताना माझंच बोट लागायचं. मी थांबले. कारण संपलं होतं तरी थांबले.

तिच्या पंधराव्या महिन्यानंतर हे फोनवर कमी बोलू लागले. कधी येतेस असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी म्हणायची, पोर अजून अशक्त आहे. ते म्हणायचे, "हां, बरोबर आहे."

आणि एका सकाळी बडोद्याहून शेजारच्या गुजराती काकींचा फोन आला. "बेन, भाईने लकवो थयो छे. दवाखाने लई गया छे. तमे आवी जाव." वर्कशॉपमध्ये खुर्चीवर बसल्याबसल्या ह्यांचा डावा भाग लुळा पडला होता.

लेक माझं तिकीट काढायला बसली. पासपोर्ट दे म्हणाली. मी साडीच्या घडीतून काढून दिला. तिने पानं उलटली, पांढरा कागद पाहिला आणि तारखेवर बोट ठेवलं.

"आई, ही तारीख गेल्या वर्षीची आहे."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला पाठवून दिलं असतंस."

"हो, पाठवलंच असतं!" ती ओरडली. तिच्या ओरडण्याने पोर रडायला लागली. लेक तिला उचलायला उठली नाही, मीही उठले नाही. शेवटी जावई आतून आला आणि घेऊन गेला. लेक हळू आवाजात म्हणाली, "एक वर्षाच्या वर राहिलीस तू. दहा वर्षं तुला येता येणार नाही. दहा वर्षं, आई. आम्ही तरी कसे येणार? आमचेच कागद लटकलेले आहेत."

मला वाटलं होतं विमानतळावर पकडतील. बेड्या घालतील इथपर्यंत मनाची तयारी केली होती. काउंटरवरच्या मुलीने पांढरा कागद काढून घेतला, हसून "प्रवास सुखाचा होवो" म्हणाली आणि बॅग पट्ट्यावर ढकलली. बस, एवढंच. कुणी एक शब्द विचारला नाही. तसं विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

निघताना पोर झोपली होती. एकोणीस महिन्यांची. मी तिला उठवलं नाही.

ह्यांना घरी आणल्यावर, बोलणं थोडं सुधारल्यावर, एका दुपारी मी पलंगाजवळ बसून सगळं सांगितलं. ते छताकडे बघत ऐकत होते. मग जड जिभेने म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तारीख. तू वाचून दाखवली होतीस. मी कॅलेंडरवर लिहून ठेवली होती." मग म्हणाले, "त्या दिवशी मी दोघांपुरती भाजी आणली. म्हटलं, न सांगता येशील."

"मग विचारलं का नाही कधी?"

"विचारलं असतं तर तू खोटं बोलली असतीस."

त्यानंतर आम्ही दोघं सहा वर्षं एकत्र राहिलो. त्या विषयावरून त्यांनी मला पुन्हा कधी दुखवलं नाही. पण मंडईतून मी भाजी घेऊन आले की ते पिशवीत डोकावून बघायचे, आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

दुपारचं ते सुरू झालं याच काळात. तिकडे रात्र असते तेव्हा इथे दुपार. जेवणं उरकून गल्ली शांत झाली की मला खोलीत श्वास ऐकू यायचे. बारीक, भरभर, मध्येच अडखळणारे. ह्यांचे नव्हेत, ह्यांचा श्वास मला चांगला ओळखू यायचा. मी सतरंजीवर आडवी झालेली असायची आणि माझा उजवा हात आपोआप शेजारी, रिकाम्या जागी, अधांतरी पसरायचा, जसा एखाद्या इवल्याशा छातीवर ठेवावा तसा. मी मोजायला लागायची. चाळीस. पन्नास. साठाच्या वर गेले की ताडकन उठून बसायची. एकदा हे पलंगावरून बघत होते. म्हणाले, "किती झाले?" मी म्हटलं, "चौसष्ट." ते म्हणाले, "फोन करून बघ." तिकडे तेव्हा रात्रीचे तीन वाजले असतील. मी फोन केला. लेकीने घाबरून उचलला. पोर ठणठणीत झोपली होती. लेक म्हणाली, "आई, असं करू नकोस गं."

व्हिडिओवर पोर सुरुवातीला फोनच्या मागे जाऊन मला शोधायची. सापडले नाही की रडून आकांत करायची. लेकीने मग काही दिवस फोन बंद ठेवले. पुन्हा सुरू झाले तेव्हा तिने मला ओळखलं नाही. तिला माझ्यापेक्षा माझ्यामागच्या पंख्याचं जास्त कौतुक वाटलं.

दोन वर्षांनी पोरीचं एक छोटं ऑपरेशन ठरलं, आणि बंदी असूनही मी व्हिसासाठी अर्ज करायचं ठरवलं. अलकापुरीत एक एजंट होता, त्याच्याकडे गेले. त्याने संगणकावर फॉर्म भरता भरता एका प्रश्नावर बोट थांबवलं. आपण कधी मुदतीबाहेर राहिला आहात का?

"मासी, 'ना' लखी दऊं? कोण जोवा बेठुं छे?"

'नाही' लिहून टाकू का, कोण बघतंय, असं तो विचारत होता. मी खुर्चीवरून उठून त्याच्या पडद्याजवळ गेले. खरं सांगते, क्षणभर मला मोह झाला. एकदा गप्प बसून चौदा महिने जास्त मिळाले होते, पुन्हा एकदा खोटं बोलून आणखी काही मिळाले असते. मग मला ह्यांचं वाक्य आठवलं, 'तू खोटं बोलली असतीस.' मी म्हटलं, "'हो' लिही."

"मासी, तो पछी नहीं मळे."

"नाही मिळाला तर नाही. 'हो' लिही."

मुंबईला हे काठी टेकत माझ्याबरोबर आले. काचेपलीकडचा तरुण अधिकारी हिंदी छान बोलत होता. किती दिवस जास्त राहिलात? मी सांगितलं. कळत होतं? मी म्हटलं, हो. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बहुधा असं उत्तर त्याला फारसं मिळत नसावं. "क्यों रुकीं आप?" मी नातीचं सांगितलं, नळीचं, नोकरीचं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एक छापील कागद काचेखालून सरकवला. माफीसाठी अर्ज करता येतो म्हणाला. आम्ही तोही केला. नाही मंजूर झाला. ऑपरेशन माझ्याशिवाय झालं आणि नीट झालं.

हे गेले तेव्हा लेक येऊ शकली नाही. तिने नोकरी बदलली होती, नवी परवानगी अडकली होती. देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. माझ्यासारखी चूक तिला करायची नव्हती. खासवाडीच्या स्मशानात पुतण्याने फोन उंच धरला होता. पडद्यावर लेकीचं तोंड मुठीएवढं दिसत होतं. तिच्या खांद्यामागे आठ वर्षांची मुलगी उभी होती आणि चितेकडे नाही, आजूबाजूच्या माणसांकडे टक लावून बघत होती. माझ्याकडे बघते आहे की काय, असं मला सारखं वाटत होतं. त्या दिवशी दुपारीही मला श्वास ऐकू आले. घरात आता दुसऱ्या कुणाचाच श्वास नव्हता.

गेल्या वर्षी त्यांचे कायमचे कागद झाले आणि दिवाळीनंतर ते तिघं बडोद्याला आले. हरणीच्या विमानतळावर लेक माझ्या गळ्यात पडली. तिच्या मागे तिच्या खांद्याएवढी, चष्मा लावलेली मुलगी उभी होती. तिने वाकून नमस्कार केला, शिकवून आणल्यासारखा, आणि "हॅलो, आजी" म्हणाली. माझे हात पुढे झाले आणि थांबले. मला कळेना, हिला कुठे धरायचं. मी ज्या पोरीला दहा वर्षं घरात वागवत होते तिला जिना चढायला माझं बोट लागायचं.

तीन आठवड्यांतल्या पहिल्या आठवड्यात ती माझ्याशी फार सभ्यपणे वागली. शेव-उसळ खाल्ली, तिखट लागली तरी बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा लेक आणि जावई बाहेर गेले असताना ती स्वयंपाकघरात आली. मी मटार सोलत होते. ती समोर पाटावर बसली आणि सोलायला लागली. मराठी तिला समजतं, बोलता फारसं येत नाही. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी असं आमचं चाललं.

"आजी, मम्मा म्हणते तू कायदा मोडला. माझ्यासाठी."

"कायदा मोडला, हे खरं."

"तू गेली असती टाइमवर, तर मी मेले असते?"

या प्रश्नाला एक उत्तर माझ्याकडे दहा वर्षं तयार होतं. त्याच उत्तरावर मी जगले होते. ह्यांनी दोघांपुरती भाजी आणल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी त्याच उत्तराने मला उभं ठेवलं होतं. ते दिलं असतं तर मुलगी जन्मभर माझी झाली असती.

मी म्हटलं, "नाही. नसतीस मेली. कुणीतरी बाई मिळाली असती. तुझ्या बाबाने नोकरी शोधणं थांबवलं असतं. काहीतरी झालं असतं. तू जगलीच असतीस."

तिने एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. "मग का राहिली?"

"मला तुला सोडून जायचं नव्हतं."

"आणि आजोबा?"

"ते इथे होते. एकटे."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. मला वाटलं, उठून जाईल. ती म्हणाली, "दॅट्स सॅड," आणि जराशाने मराठीत, शब्द शोधत, "त्यांच्यासाठी वाईट."

"हो," मी म्हटलं. "त्यांच्यासाठी वाईट झालं."

मटार संपेपर्यंत आम्ही तशाच बसलो. मग तिने विचारलं, आजोबा काय काम करायचे. मी दुसऱ्या दिवशी तिला रिक्षाने छाणीला घेऊन गेले. ह्यांचे मित्र आता वर्कशॉप मुलाला देऊन घरी बसतात, पण मुलाने तिला लेथचं यंत्र चालू करून दाखवलं, पितळेच्या सळईवरून एक बारीक चकचकीत साल निघून तिची सुरळी झाली, ती तिने रुमालात गुंडाळून नेली.

ते परत गेले. आता ती कधीकधी आईला न सांगता मला स्वतःहून फोन करते. प्रश्न विचारते. आजोबा चिडायचे का? तुला भीती वाटायची का त्या घरात? तू न्हाणीघरात लपायची तेव्हा मी रडायचे का? मी जे आठवतं ते सांगते, जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणून सांगते. लेकीला मी काय काय सांगते ते कळलं आहे. ती रागावली नाही. "बरं आहे," एवढंच म्हणाली.

दुपारचे श्वास अजून येतात. मला वाटलं होतं, खरी मुलगी घरात राहून गेल्यावर ते थांबतील. थांबले नाहीत. ते हिचे नाहीतच, हे आता कळतं. ते त्या दुसरीचे आहेत, जिला झोपेत सोडून मी निघाले.

यंदा बंदीची दहा वर्षं पुरी झाली. लेक म्हणते, आता अर्ज कर, देतील. फॉर्म भरायला मला अजून कुणाची मदत लागत नाही. पण मी तो उघडलेला नाही. तिला सांगते, गुडघे दुखतात, एवढा प्रवास झेपायचा नाही. गुडघे खरंच दुखतात. पण तिथे गेले आणि परतीचा दिवस आला, तर मी निघेन की नाही, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.